पॉलिश, ग्लेझ आणि वॅक्स : घरच्या घरी गाडीचा रंग राखताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१९ ची गडद निळी सेदान कांजूरमार्गला रेल्वेच्या रुळांलगतच्या सोसायटीत, रेन ट्रीच्या झाडाखाली उघड्यावर उभी असते. रोज पहाटे एक माणूस येऊन ती पुसून जातो. उन्हात पाहिले की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात आणि हात फिरवला की खरखर लागते. पावसाळा तोंडावर असताना आपण पॉलिश, ग्लेझ आणि वॅक्स अशा तीन बाटल्या आणल्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने वापराव्यात, हाताने की मशीनने, दर तीन महिन्यांनी पॉलिश करा हा गॅरेजवाल्याचा सल्ला योग्य आहे का, आणि डाव्या दारावरच्या ओरखड्याचे काय करावे, हे आपल्याला हवे आहे. गेली बावीस वर्षे मी मुंबईत गाड्यांच्या रंगाचेच काम करतो, आधी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आणि नंतर केवळ पॉलिशिंगचे. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी या तीन वस्तूंतला फरक स्पष्ट असू द्या, कारण आपल्याकडे गाडीला चमक आणणाऱ्या कुठल्याही द्रवाला सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घर्षणकण असतात. ते रंगाचा वरचा थर किंचित घासून काढतात, त्यामुळे ओरखड्याच्या कडा आणि त्याचा तळ एका पातळीला येतात व रेषा खरोखरच नाहीशी होते. ग्लेझ काहीही घासून काढत नाही. त्यातली तेले आणि भरणद्रव्ये ओरखड्याच्या खाचेत बसतात आणि प्रकाश त्या खाचेवरून विखुरला जात नाही, म्हणून रेषा दिसेनाशी होते. दोनचार धुण्यांत ही भर निघून जाते आणि रेषा होती तिथेच परत दिसू लागते. वॅक्स ओरखडे काढत नाही आणि फारसे बुजवतही नाही. ते रंगावर पातळ आवरण घालते, ज्यावरून पाणी ओघळते आणि ज्याला चिकटलेली घाण लवकर सुटते. म्हणून क्रम विचाराल तर धुणे, चिकटलेली घाण उपटणे, पॉलिश, मग हवे असल्यास ग्लेझ आणि शेवटी वॅक्स. मात्र आपल्या गाडीला या वेळी हा पूर्ण क्रम करू नये असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आजच्या गाडीचा रंग कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष निळा रंग आणि सगळ्यांत वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदापेक्षा थोडीशीच जास्त. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हातील अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये या थरात मिसळलेली असतात. एकदा व्यवस्थित पॉलिश केले की यातले एक ते तीन मायक्रॉन जातात, कंपाउंड (जाड घर्षणकणांचे पॉलिश) लावून जोराने घासले तर त्याहून अधिक. गेलेला थर कोणत्याही बाटलीने परत येत नाही. दर तीन महिन्यांनी पॉलिश म्हणजे वर्षाला चार वेळा ठेव मोडण्यासारखे आहे. अशा गाड्यांचे टप आणि बॉनेट काही वर्षांत पांढरट होऊन पापुद्रे सुटलेले मी पाहिले आहेत, आणि मग पूर्ण पॅनेल रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

गॅरेजवाल्यांचा हा सल्ला वाईट हेतूने दिलेला असतो असे मी म्हणणार नाही. त्याला इतिहास आहे. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळातल्या रंगावर क्लिअर कोट नसे. रंगद्रव्य वरच्या थरापर्यंत असायचे. उन्हापावसाने तो पृष्ठभाग खडूसारखा भुकटीला येई, रबिंग कंपाउंडने तो मेलेला थर घासला की खालचा ताजा रंग उघडा पडे आणि फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. त्या गाड्यांना नेमाने रबिंग करणे योग्यच होते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला, पण तिच्यावर बसलेला हाताचा सराव कित्येक गॅरेजांत अजून तसाच आहे. आपल्या गाडीवर पॉलिश करताना फडक्यावर निळा रंग उतरला तर त्याचा अर्थ क्लिअर कोट संपला असा आहे, हे लक्षात ठेवा.

ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. उमेदवारीच्या दिवसांत एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच जागी गरगर फिरवणारे पॉलिशिंगचे मशीन, चालवत होतो. बॉनेटच्या मधोमध जी उठावदार घडी असते, तिच्यावर मी पॅड नेहमीच्याच दाबाने दोन सेकंद जास्त ठेवला. पॅड उचलला तेव्हा पांढऱ्या लोकरीवर बोटभर रुंद काळा पट्टा होता आणि त्या घडीवर निस्तेज, खरबरीत रेघ उमटली होती. मालकाला सांगावे लागले आणि बॉनेट पूर्ण रंगवून द्यावे लागले. कडा आणि घड्यांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेवर येतो, म्हणून आजही अशा प्रत्येक घडीवर मी कागदी मास्किंग टेप लावतो आणि मगच मशीन हातात घेतो.

आता त्या जाळ्याविषयी. या रेषा गोल दिसतात, पण बहुतेक गोल नसतात. त्या सरळ, आडव्यातिडव्या, शेकडो दिशांना गेलेल्या असतात. सूर्याचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब पडते तेव्हा त्यातल्या प्रकाशाच्या दिशेला आडव्या छेदणाऱ्याच तेवढ्या चमकतात, आणि म्हणून प्रकाशाभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. त्या येतात कुठून, हे पाहायचे असेल तर एका पहाटे खाली उतरा आणि गाडी पुसली जात असताना तो फडका हातात घेऊन उलगडा. घडीच्या आत राखाडी गाळ असेल आणि अंगठा दाबून फिरवला तर वाळूचे कण टोचतील. त्या माणसाचा यात दोष नाही. महिन्याच्या ठरावीक पैशांत दोन तासांत बारा-पंधरा गाड्या पुसायच्या, एक बादली आणि एक फडका, आणि पाईप लावायला सोसायटीची मनाई. त्यात कुणीही याहून वेगळे करू शकणार नाही. मात्र बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ, रस्त्यावरची खडी आणि रुळांवरून येणारा लोखंडाचा चुरा यांनी भरलेला फडका रोज रंगावर फिरणार असेल, तर पॉलिशचा परिणाम पंधरा दिवसही टिकणार नाही.

म्हणून पहिला खर्च बाटल्यांवर न करता दोन बादल्या आणि सहा मायक्रोफायबर फडक्यांवर करा. एका बादलीत गाडीसाठीचा सौम्य शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. आधी मगाने वरून पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्या, मग टपापासून खाली या, आणि प्रत्येक पॅनेलनंतर फडका साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवा. दारांचा खालचा भाग आणि चाके सगळ्यांत शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण रोजच्या वापरात नको. त्यांचे काम स्निग्धता काढणे आहे आणि ती वॅक्सही काढून नेतात. पुसणाऱ्या माणसाला हे एकदा शांतपणे समजावून सांगा, दोन पैसे वाढवून द्या, आणि रोज कोरडी पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा अशी धुवायला सांगा. मधल्या दिवशी त्याने काचा आणि आरसे तेवढे पुसावेत. धूळ बसलेली गाडी वाईट दिसते हे मान्य, पण बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही. ती घासली की ओरखडते. आच्छादनाचेही तेच आहे: धुळीच्या गाडीवर टाकलेले कव्हर वाऱ्याने हलले की तेच घासायला लागते.

पाण्याकडेही थोडे लक्ष द्या. महापालिकेचे तलावांचे पाणी फारसे जड नसते, परंतु टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि गडद रंगावर ते ठळक दिसतात. ताजे डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने अर्धा मिनिट ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. नारळाचे तेल किंवा केरोसिन फिरवून चमक आणण्याचा प्रकार कृपया टाळा. चमक येते, पण त्या तेलकटपणावर दुपारपर्यंत धूळ चिकटते, आणि केरोसिनने खिडक्यांची रबरे खराब होतात.

हाताला लागणारी खरखर ही वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावर पॉलिश हा उपाय नाही. धुतलेल्या, ओल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवा. जे नुसत्या हाताला जाणवत नाही तेही पिशवीतून जाणवते. रुळांलगतच्या सोसायट्यांत ही खरखर बहुतांशी लोखंडाची असते. लोकल ब्रेक लावताना उडणारे कण तापलेले असतात. ते रंगात रुततात, दमट हवेत गंजतात आणि पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके होऊन दिसतात. आपल्या निळ्या गाडीवर ते दिसत नाहीत एवढेच. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. सावलीत, थंड पत्र्यावर फवारा; दोन-तीन मिनिटांत तो लोखंडाशी संयोग पावून जांभळा होतो आणि ओघळू लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गाडीतून रक्त वाहते आहे असे वाटावे, इतके ते ठळक असते. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, म्हणून मोकळ्या जागी आणि हातमोजे घालून करा, आणि तो वाळण्यापूर्वीच धुऊन टाका.

त्यानंतर जे उरते ते क्लेच्या वडीने, म्हणजे रंगावरची चिकटलेली घाण उपटणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीने काढायचे. यात झाडाचा वाटा मोठा आहे. रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण आणि तत्सम रस शोषणारे किडे असतात आणि त्यांचा चिकटा खाली टपटपत राहतो. मुंबईतले अनेक जुने रेन ट्री या किडीने वाळलेही आहेत. चिकट्यावर धूळ बसते आणि उन्हात तो लाखेसारखा कडक होतो. क्लेचा लिंबाएवढा तुकडा मळून चपटा करा, शाम्पूचे पाणी भरपूर फवारा, आणि हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला वडी अडखळते आणि खरखर आवाज येतो. मग आवाज थांबतो आणि ती काचेवरून सरकावी तशी सरकू लागते, तेव्हा तेवढी जागा झाली. वडी सतत दुमडून स्वच्छ बाजू वर आणा, आणि जमिनीवर पडली तर ती धुऊन वापरण्याचा मोह न धरता टाकून द्या. कबुतराची किंवा कावळ्याची विष्ठा मात्र क्लेची वाट पाहत ठेवू नये. तिच्यातले आम्ल उन्हात एका दुपारीही क्लिअर कोटवर ठसा पाडते; ओला कागदी रुमाल पाच मिनिटे वर ठेवून ती मऊ करा आणि उचलून घ्या, घासू नका.

आता पॉलिश कधी, याचे उत्तर. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, रस्त्यांवर चिखल असतो आणि गाडी घाईघाईने पुसली जाते. मे महिन्यात मेहनतीने काढलेल्या रेषांच्या जागी ऑगस्टपर्यंत नव्या रेषा आलेल्या असतील आणि त्यासाठी क्लिअर कोट खर्ची पडलेला असेल. म्हणून आत्ता धुणे, आयर्न रिमूव्हर, क्ले आणि त्यावर संरक्षक थर एवढेच करा. पॉलिश थंडीत, डिसेंबर-जानेवारीत करा. तेव्हा हवा कोरडी असते, पत्रा थंड असतो आणि पुढचे पाच-सहा महिने पाऊस नसतो. एकदा असे नीट केले की पुढची दोन-तीन वर्षे पूर्ण गाडीला पॉलिश लावण्याची गरज पडू नये.

ते कसे करावे, हेही आत्ताच सांगून ठेवतो. सगळी गाडी हाताने होते, पण दाब सारखा पडत नाही आणि खांदे भरून येतात. त्यामुळे एका रविवारी एक-दोन पॅनेल असे वाटून घ्या. फोमच्या ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे पॉलिशचे तीन थेंब, वहीच्या उघड्या दोन पानांएवढी जागा, आधी आडव्या आणि मग उभ्या एकमेकींवर चढणाऱ्या सरळ रेषा, पंधरावीस हात. मग पुसून टॉर्च तिरका धरून पाहा. मशीन घ्यायचे असेल तर नवशिक्याने डी.ए. (ड्युअल ॲक्शन) पॉलिशरच घ्यावा, रोटरी नाही. डी.ए.चा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डुलतही असतो, जास्त दाब दिला की फिरणे थांबवतो आणि म्हणून रंग जाळण्याची शक्यता कमी असते. तरी कडांवर टेप, प्लास्टिकच्या बंपरवर हलका हात आणि कमी वेग हे पाळा, कारण प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी वाहून नेत नाही. सुरुवात नेहमी सगळ्यांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने, डिकीच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर. तिथे ऐंशी टक्के रेषा गेल्या तर तेवढ्यावर समाधान मानावे. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी कंपाउंड उचलणे, हा घरच्या कामातला सर्वांत महागडा मोह आहे. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्याही टेपने झाका. त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात पॉलिश वाळले की पांढरे चट्टे राहतात आणि ते काढायला दातांचा ब्रश घेऊन तासभर बसावे लागते.

ग्लेझची बाटली सध्या कपाटात ठेवा. ग्लेझ वाईट नाही; गडद रंगावर ते ओलसर, खोल चमक आणते, आणि लग्नाच्या वरातीला किंवा गाडी विकायला दाखवताना मी स्वतः ते लावतो. पावसात मात्र ते धुऊन जाते. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. कार्नौबा वॅक्स, म्हणजे झाडाच्या मेणाचे वॅक्स, ग्लेझवर बसते, पण पॉलिमर सीलंट (वॅक्सचेच काम करणारे कृत्रिम आवरण) किंवा सिरॅमिक कोटिंगला (रंगावर कडक होऊन बसणारे आवरण) उघडा, तेलविरहित रंग लागतो आणि मध्ये ग्लेझची तेले असतील तर ती नीट धरत नाहीत. दोन्ही एकदम हवे असेल तर आधी सीलंट, ते पूर्ण सुकल्यावर ग्लेझ आणि वर वॅक्स.

आपल्या तिसऱ्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा. कार्नौबा असेल तर ते ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचे मेण आहे. ऐंशी अंश सेल्सियसच्या वर वितळणारे, आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवरही तग धरणारे. तरीही मुंबईच्या पावसात ते माझ्या अनुभवाने दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. सिंथेटिक सीलंट चार-पाच महिने काढते, म्हणून पावसाळ्यापूर्वी मी सीलंटच सुचवतो आणि कार्नौबा दिवाळीनंतर. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिले असेल तर त्यात सौम्य घर्षणकण किंवा सॉल्व्हंट असतात. ते वारंवार लावू नये.

लावताना चूक एकच होते, थर जाड होतो. बॉनेटला अर्धा चमचा पुष्कळ. दमट हवेत ते लवकर सुकत नाही, तेव्हा घड्याळाकडे न पाहता बोटाने पाहा: सुकत आलेल्या थरावरून बोट ओढल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायची वेळ झाली, फरफटल्यासारखे झाले तर अजून थांबा. पुसायला दोन फडके घ्या, एक उचलायला आणि एक शेवटचा हात फिरवायला. हे फडके वेगळे धुवा, सुती कपड्यांबरोबर नाही आणि सॉफ्टनर घालून तर नाहीच. थर टिकून आहे की संपला, ते पाणी सांगते. पावसाच्या थेंबांचे गोल मणी होऊन ते ओघळत असतील तोवर काही करू नका. पाणी पसरून चादरीसारखे बसू लागले की पुन्हा लावा.

दसऱ्याला गाडीची पूजा कराल तेव्हा हळदकुंकू थेट रंगावर न लावता काचेवर लावा आणि झेंडूच्या माळेची तार बॉनेटला टेकणार नाही असे पाहा. हळद क्लिअर कोटवर पिवळा डाग सोडते आणि तारेचा ओरखडा पॉलिशने सहसा जात नाही.

राहिला डाव्या दारावरचा ओरखडा. त्यावर नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि थंडीत पॉलिशने जाईल किंवा बराच फिका होईल. नख अडकले तर त्याच्यामागे लागू नका, कारण तो तळापर्यंत समपातळीत आणायला आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट घासावा लागेल. आत पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर मात्र पावसाची वाट पाहू नका. गाडीच्या दारावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असलेला रंगाचा कोड पाहून टच-अपची छोटी बाटली घ्या, ओरखडा स्वच्छ आणि कोरडा करून काडीच्या टोकाने रंगाचे दोन पातळ थर भरा, आणि त्या जागी महिनाभर वॅक्स लावू नका, कारण त्या काळात नव्या रंगातले सॉल्व्हंट बाहेर पडत असते.